पासंग

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात
चोपड्यातले निम्मे काटे माझ्या दुकानात येऊन बसतात.
शिक्क्याचं साल सरत आलेलं,
साहेब जानेवारीत येणार,
मग ज्याला त्याला आठवतं
की आपल्या तराजूचं काहीतरी दुखतंय.

किराणावाल्यांचे, भंगारवाल्याचा,
एका सोनाराचा, काचेच्या पेटीत,
आजारी पाहुण्यासारखा सांभाळून आणलेला.
आणि गुंफाबाईचा.

गुंफाबाई भरताची वांगी विकते.
तिच्या डाव्या पारड्याखाली सुतळीनं बांधलेला खडा,
तापीतला असावा, इतका गुळगुळीत.
मी चष्म्यावरून पाहिलं तशी म्हणाली,
"भाऊ, मन्हा काटा खोटा नही शे.
दांडी वाकी गई, म्हनीसन बांधा दगड."

खरं होतं तिचं.
वजन बरोबर दाखवत होता काटा.
वाकडाच होता,
फक्त सरळ दिसत होता.

एकतीस तारखेला, बाकीची शटरं पडल्यावर,
तो एकटाच राहिला टेबलावर.

गेल्या एकतीसला मी तंबाखू सोडली होती.
त्याआधीच्या एकतीसला पहाटेचं फिरणं धरलं,
सूतगिरणीपर्यंत, अकरा दिवस.
त्याआधी रोजनिशी. तिच्यात आता उधारी लिहितो.
एकेक खडा, सुतळीला गाठ मारून.
दांडीला काही हात लावला नाही.

आणि दांडी कुठं वाकली ते मला पाठ आहे.
धुळ्याचा दवाखाना, जिन्याची तिसरी पायरी.
सुपडूदादानं पैसे मागितले नव्हते.
"आजची रात्र थांबशील का?" एवढंच.
मी म्हणालो, दुकान आहे.
वहिनी पहाटे गेली.

मग मी ज्वारीचं पोतं पाठवलं शिरपूरला.
तेराव्याचा खर्च उचलला.
पुतणीच्या लग्नात मोठं पाकीट.
दादानं सगळं घेतलं, नीट ठेवलं,
फोन आला की "बरं आहे" म्हणाला.
चार वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी
तोलून मापून बोलतोय.

मुलगा म्हणतो, आप्पा, हे लोखंड मोडीत घाला.
त्यानं आणलेल्या काट्यावर भांडं ठेवायचं,
टेअरचं बटण दाबायचं, की शून्य.
मी दाबून पाहिलं.
शून्य आलं.
भांडं तिथंच होतं.

शेवटी गुंफाबाईची सुतळी कापली.
उजवं पारडं खाडकन खाली गेलं,
इतकं, की मीच दचकलो.
लगेच हातोडी नाही घेतली.
तो कल तसाच बघत बसलो बराच वेळ.
मागच्या मळ्यात कुणीतरी पऱ्हाट्या पेटवल्या होत्या,
भाजल्या वांग्याचा वास, पोरांचा आरडाओरडा,
कोकिळा दोनदा जेवायला बोलवून गेली.

दांडी तापवायची नसते.
थंडच घ्यायची, लाकडी हातोडीनं, हलक्या हातानं,
ठोका, उचल, बघ,
पुन्हा ठोका.
घाई केली की दुसऱ्या अंगाला वाकते.
मला साडेबारा वाजले.
नवं साल मधेच कधीतरी लागलं,
मी मान वर केली नव्हती.

सकाळी साडेसहाला थंडीनं बोटं वळेनात,
तरी गुंफाबाई टोपलं मांडून बसली होती.
काटा दिला. तिनं दांडी उन्हाकडे धरून
एक डोळा मिटून पाहिली,
पारड्याखाली हात फिरवला,
खडा नव्हता.
"किती झायात?"
म्हटलं, पैसे राहू दे, दोन किलो वांगी दे.
शिरपूरला न्यायचीत.

तिनं जोखली.
काटा मधोमध, केसभरही इकडे नाही, तिकडे नाही.
माझ्याच कामाकडे मी बघतच राहिलो.
तेवढ्यात तिनं टोपल्यातलं आणखी एक उचललं,
हिरवंगार, दव पडलेलं,
आणि टाकलं पारड्यात.
"ले भाऊ, हाई वरनं."

पारडं झुकलं.
स्टँडवर गाडी लागली होती.
दादाला काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं,
पिशवी तेवढी मी मांडीवर घेतली,
खाली ठेवली नाही.