दुसरी काडी

हलमध्ये रस्त्यावरच्या फोनपेट्यांचा रंगही वेगळा.
बाकी देशात लाल, इथे सायीसारखा.
तशा एका पेटीसमोर नेव्हिलचं दुकान:
पोट उघडलेले डबे, वायरींचा गुंता,
आणि कपाळाला दिवा बांधलेला नेव्हिल.
"ग्राफिक्स आतलंच?" त्यानं विचारलं,
जसं कुणी विचारावं, अजून भाड्यानंच राहता?

हो. भाड्यानंच.
चित्रं काढणारा आमचा जो कोण आहे
तो प्रोसेसरच्या घरात पोटभाडेकरू.
स्वतःची मेमरी नाही,
आठातले दोन जीबी तो आल्याआल्याच उचलतो,
उरलेल्यात बाकीच्यांनी भागवायचं.
फळीवर कार्डं मांडलेली, विटेएवढी जड,
तीन तीन पंखे, मेमरी आपली आपली,
विजेची जोडणीसुद्धा वेगळी.
सगळ्यात स्वस्त होतं त्याची किंमत वाचली,
चष्मा पुसला, पुन्हा वाचली.
तेवढीच होती.

केतकी चौदाची. शाळेसाठी हंबरचा पूल बांधतेय,
स्क्रीनवर, तारेन् तार.
फिरवायला गेलं की सेकंदाला अकरा फ्रेम.
अकरा फ्रेममध्ये पूल फिरत नाही,
अकरा वेळा दचकतो.
"बाबा, तुम्ही खरे पूल बांधायचात ना?"
बांधायचो. वारणेवर एक, कृष्णेवर दोन.
कोनशिलेवर मंत्र्यांची नावं.
आता रात्री पार्सलं वेगळी करतो,
पोस्टकोड बघून.

नेव्हिलनं आमचा डबा उघडला, फुंकर मारली.
"एकच काडी?"
चार खाचा. एकीत मेमरी, तिघी रिकाम्या.
म्हणाला, कार्ड राहू दे,
ही घेऊन जा, हिचीच बहीण, वापरलेली, अठरा पौंड.
विहीर आहे तीच, पण मोट एकच का?
दुसरी लाव.
(मोट तो नाही म्हणाला, पाइप म्हणाला.
मोट माझी.)

आणि शेजारीशेजारी बसवू नकोस,
एक घर सोडून एक.
दुसऱ्या खाचेत आणि चौथ्या,
तरच दोघी मिळून ओढतील.
मी हसलो. का, ते त्याला कळलं नाही.
शैलजा सकाळी सातला केअर होमला निघते,
मी सातलाच परततो.
जिन्यात किल्ली या हातातून त्या हातात.

घरी काडी बसली, टक्.
केतकीनं डिलीटचं बटण दाबून धरलं,
निळ्या पडद्यावर सेटिंग उघडलं
आणि बघतच राहिली.
स्टिकरवर बत्तीसशे.
चालतेय एकवीसशे तेहतीसनं.
तीन वर्षं.
कुणी सांगितलं नाही तर ती जपूनच चालते,
कुठल्याही बोर्डाला झेपेल अशा चालीनं.
बिघडत नाही, कुरकुरत नाही,
लाल दिवा लागत नाही.
पैसे मात्र बत्तीसशेचे मोजलेले.

एक ओळ होती, प्रोफाइल: बंद.
केतकीनं चालू केली.
पडदा काळा. पंखा फिरला, थांबला,
फिरला, थांबला.
म्हटलं, झालं! बुडत्याला काडीचा आधार,
आणि काडीनंच बुडवलं.
मग कोपऱ्यात एक रेघ लुकलुकली.

पूल फिरला. अकराचे सव्वीस.
कार्डवाल्या पोरांकडे साठ असतात, एकशेवीस असतात,
ते तिला ठाऊक आहे, मलाही.
पण सव्वीसमध्ये खालचं पाणी हलतं.
"मनोरे वरच्या टोकाला छत्तीस मिलिमीटरनं लांब आहेत,"
ती सांगत होती, "पृथ्वी गोल आहे म्हणून!"
मी वाकून बघत होतो.
"लोंबत्या तारा सरळ लावल्यास," म्हणालो,
"इथे त्या तिरक्या आहेत."
"का?"

शिफ्टची बस वीस मिनिटांवर होती.
मी खुर्ची ओढली.