दुसरा आवाज

इस्तारीमामाला डाव्या कानानं ऐकू येत नाही.
एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात, बोरकुट्यांच्या वावरात
काळ्या खडकात विहीर उतरवताना
एक सुरुंग उशिरा उडाला.
वात विझली समजून
मामा जवळ जाऊन वाकला होता.

आज लाइन गेलेली. तो खाटेवर, मी ओट्यावर,
मांडीवर लॅपटॉप, त्यात तीन महिन्यांचं काम.
तिकडे पळसाच्या मागं, दक्षिणेला,
मूठभर उंचीवर एक तारा असतो, मी सांगते.
आज दिसेल, न दिसेल.
तोही फुटला होता. फुटला आणि उरला.
पावणेदोनशे वर्षांखाली काही दिवस
एक व्याध सोडला तर
त्याच्याएवढं कुणीच पेटलेलं नव्हतं.
लोकांनी पाहिलं, वहीत टिपलं.
उजेड उकलून वाचायचं यंत्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं.
तो अंगावरून निघून गेला.

"मंग तुले कसं समजलं?"

थोडा उजेड भलत्या वाटेनं गेला, मामा.
लांबच्या धुळीवर आपटला,
तिथून वळून आता पोचतोय.

मामा उठून बसतो. खाट करकरते.
"टेकडीवरून येते तो दुसरा आवाज."
हो.
"पह्यला आवाज नुसता कानठळ्या बसवते.
खडक फुटला का नुसताच हुंकारला,
थे दुसऱ्यात समजते.
पन एका टेकडीवर भरोसा नाई ठेवाचा.
दोन-तीन पाहा लागते."

मी त्याला पट्टी दाखवते, रंगांची,
मधेमधे काळ्या रेघा.
ही इथं असायला हवी होती, इकडं सरकली.
म्हणजे ताऱ्याच्या अंगचं काहीतरी सुटून
ह्या बाजूला धावत होतं.
दारूनं काळवंडलेलं नख
तो रेघेवर ठेवतो, मग पुसतो पडदा, धोतरानं.
"गोटे लय दूर गेले असन."

मग बराच वेळ काही नाही.
गोठ्यात बैल कूस बदलतो.

"मले पह्यला आवाज आलाच नाई,"
तो म्हणतो. कुणी विचारलेलं नसताना.
"डोळ्यात माती. उजेड नाई, काई नाई.
मंग टेकडीवरून आला. बारीक. ह्या कानात.
तवा समजलं, आपुन हावो."

तेवढ्यात लाइन आली.
ओट्यावरचा बल्ब पेटला, पळस गेला, आभाळ गेलं.
"बंद कर थो," मामा म्हणाला,
"आन कोन्या बाजूले म्हनलं तू?"