स्पीकरची झोप

रात्री आवाज दोनवर.
पलीकडे सून बाळंतीण, भिंत एका विटेची.
सारंगी खर्जात उतरते
आणि ऐन तिथं
टिक.
निळा दिवा लाल.

उदगीरच्या चौबाऱ्यात मुजीबनं स्पीकर पालथा घातला:
"बिघाड नाही, सर.
ह्याला हळू बोललेलं कळत नाही.
वाटतं, कुणीच नाही. निजतो.
मोबाइल फुल ठेवा,
ह्याचा कान मागून पिळा, कमी.
घरात तेवढंच ऐकू येईल."
पैसे घेईना. चहा पाजला.

पिळला कान.
अकरा. सव्वाअकरा.
सारंगी पार तळाला,
दिवा निळाच.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, दबक्या आवाजात:
"मामा, आज बंद नका करू.
रोज तुम्ही बंद केलं की
लेकरू उठतंय."