काळं पडेपर्यंत

सोमवारी व्हेल्टानं तीन डझन अंडी फोडली,
बलक तेवढा घेतला.
उरलेल्या पांढऱ्यात साखर फेटून भाजली,
आठवडाभर सगळी प्रयोगशाळा ते पोकळ, कुरकुरीत ढग खात राहिली.
आर्विद्स म्हणाला, विज्ञानानं पहिल्यांदाच पोटाला काही दिलं.

आता बलकातलं ते स्निग्ध
ब्रशच्या चार केसांवर.
टेफ्लॉनच्या भिंतीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक.
अलीकडे खारं पाणी, पलीकडे खारं पाणी.
ती एकदाच हात फिरवते
आणि तांब्याच्या जाळीचं दार लावून घेते.

पुलावरून ट्राम गेली तरी पडदा फाटतो,
म्हणून आम्ही रात्री येतो.
रीगा झोपते. दौगावावर बर्फ करकरतो.

आधी रंग दिसतात,
रॉकेल सांडलेल्या डबक्यासारखे.
नवखे इथंच हरखतात.
व्हेल्टा नाही. रंग आहेत म्हणजे अजून जाड आहे.
मग कडेला काळा ठिपका उगवतो,
पसरतो,
एकेक रंग गिळत जातो.
काळं झालं, ती पुटपुटते,
बाळाचा ताप उतरावा तशी.
दोनच रेणूंची जाडी.

शंभर मिलिव्होल्ट.
कागद सरकतो. लेखणी सरळ, हटवादी.
मी शाई भरणारी, मला हे सरळपण ओळखीचं आहे:
चव्वेचाळीस साली माझा भाऊ बोटीत चढला,
मी चढले नाही.
त्याची पत्रं येतात कधीमधी,
उघडून पुन्हा चिकटवलेली.

पावणेतीनला लेखणी उडी मारते.
दोन पिकोअँपियर. सेकंदभर वरच.
खाली.

पण आपण तर काहीच घातलं नाही!
आर्विद्स पिंजऱ्याभोवती फिरतो, तारा चाचपतो.
व्हेल्टा डोळे मिटून आठवते:
मागच्या मंगळवारचं ग्रामिसिडिन.
तीनदा धुतलं, तरी टेफ्लॉनच्या अंगात मुरलेलं.
एकट्या रेणूला हे जमत नाही, ती मला सांगते.
अर्धा या बाजूनं यावा लागतो, अर्धा त्या.
मधोमध तोंडाला तोंड लागलं
की तेवढा वेळ वाट.
पोटॅशियम एकामागून एक, रांगेत.

वहीत ती लिहिते: दूषित. भोक बदलावे.

तो तुकडा टाकायला माझ्याकडे देतात.
कोटाच्या खिशात
तो अजून थोडा ओला आहे.
पाच वाजता पहिली ट्राम.
तोवर आणखी एकदा होईल, व्हेल्टा म्हणते,
आणि ब्रश बुडवते.