कपाट क्रमांक चौदा

तार्तूच्या संग्रहालयात आज बुरशीचं बिऱ्हाड हललं.
इतकी वर्षं ती वनस्पतींच्या दालनात,
नेच्यांच्या शेजारी,
पोटभाडेकरूसारखी.

हमाल उकू विचारतो, "हा खोका झाडांत की जनावरांत?"
"दोन्हींत नाही," हेल्वे म्हणते,
"पण नातं काढलंच, तर जनावरांकडून."
तो खोका अंगापासून जरा लांब धरतो.

वाटेत कणेवाले: बेडूक, घार, सील.
मग बिनकण्यांचं अफाट गाव.
डोकी मोजली तर आपणच किरकोळीत.
एका बाटलीत हॅगफिश, वेटोळं घालून.
कवटी आहे, कणा धड नाही.
तिच्या चिठ्ठीवर तीन शायांची खाडाखोड.

उकू सांगतो, त्याच्या आईकडे अळंबीच्या तीनच जाती:
खायची,
तीन पाण्यांत उकळून खायची,
आणि "चल, पुढे हो."
"आमच्यात कुणी दगावलं नाही," तो म्हणतो.
हेल्वे हे वहीत टिपून घेते.

शेवटच्या खोक्यात एक सुकलेली टोपी.
वळणदार अक्षरात: बर्चखाली, उत्तर उतार, सप्टेंबर.
नावाची जागा कोरी.
ती कोरीच ठेवते.

संध्याकाळी डब्यातल्या काळ्या पावावर
हिरवट ठिपका.
ती पाव फेकत नाही.
भिंग शोधते.