कधी यावं, विचारलंस

कधी यावं, विचारलंस फोनवर,
जसं काही गावाला एकच हंगाम असतो
आणि बाकीचे महिने ते गोणपाटाखाली झाकलेलं असतं.

मी पाट्या रंगवतो, शर्वरी. मला वर्ष डब्यांवरून कळतं.
पौषात झाकण उघडत नाही, इतकं गार.
किल्ल्याच्या तळ्यावर धुकं, त्यात कानटोप्या घातलेले
रिटायर्ड मास्तर, कानडीत नमस्कार करून
मराठीत भांडणारे.
संक्रांतीला शेजारची शिवलीलाबाई वाटी घेऊन येते,
ती एळ्ळु-बेल्ल म्हणते, मी तिळगूळ म्हणतो,
दाढ दोघांचीही एकाच बाजूची किडलेली.

होळीचं नीट ऐकून घे.
पुलाच्या अलीकडे धुळवड, पलीकडे शहापुरात
रंगपंचमी. मधले दिवस
इकडची पोरं गुलाबी कान घेऊन कॉलेजला जातात
आणि तिकडची त्यांच्यापासून चार हात लांब चालतात.
मला कुणी रंग लावत नाही. कुठं लावणार?

वैशाखात आलीस तर रात्रीची ये.
शिवजयंतीचे चित्ररथ निघतात, पहाट होईपर्यंत संपत नाहीत.
ट्रॉलीवर एक मावळा उभा असतो, सातवीतला,
तलवार उगारलेली, हलायचं नाही अशी ताकीद.
तीन वाजता तो उभ्या उभ्या झोपतो
आणि तलवार तशीच वर राहते.
खालून त्याची आई पाण्याची बाटली घेऊन चालत असते,
ट्रॉलीच्या वेगानं, म्हणजे जवळजवळ न चालता.
मागचा सह्याद्री मी रंगवायचो. आता फ्लेक्स येतो गुंडाळून,
गवतसुद्धा छापलेलं.

मग खानापूरकडच्या बायका जांभळं घेऊन बसतात.
जिभा बघून कळतं कोण बाजारात जाऊन आलं.

आषाढात येऊ नकोस. रंग वाळत नाही, माणूसही.
खरं, ये.
आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण', तुला ठाऊक नसेल.
तुझी आई लग्नानंतर ठाण्यात पहिल्यांदा म्हणाली,
'घर चांगलं आहे, खरं...'
आणि सासरची मंडळी खूश झाली.
पुढचं वाक्य ऐकायला कुणी थांबलंच नाही.

गणपतीत कपिलेश्वराच्या तळ्याकडे जायला
सकाळचे नऊ वाजतात, रात्रीचे नव्हेत.
दसऱ्याला आपट्याचं पान देताना
निंगाप्पा 'बंगार' म्हणतो, मी 'सोनं' म्हणतो,
पान त्याच झाडाचं, त्याच्याच वळईमागचं.

एक तारीख सोड. नोव्हेंबरची पहिली.
त्या दिवशी कुणाला लाल-पिवळा लागतो, कुणाला काळा.
माझ्याकडे तिन्ही डबे आहेत.
मी दुकान लावून घेतो
आणि दिवसभर टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत बसतो,
धुतलेलेच.

एरवी पाटीवर वरची ओळ मोठी असते, खालची बारीक.
खालच्या ओळीत बेळगावचा ळ आला
की मी ब्रश जरा जास्त बुडवतो. एवढंच करता येतं.

नंतर भात कापतात. येळ्ळूरकडून वारा आला
की बासमतीचा वास पार वडगावच्या मागांपर्यंत येतो,
आणि माग चालवणारे दोन मिनिटं थांबतात,
बिडीचं निमित्त करून.
तुझी आई शाळेतून येताना त्या वासात उभी राहायची,
मी दप्तर ओढून तिला घरी आणायचो.

तर आता तूच ठरव.
कुंदा आणून ठेवतो, तो कुठल्याही महिन्यात चालतो.
आईलाही विचार एकदा.
दरवर्षी मी विचारतो, दरवर्षी ती म्हणते,
'येते, खरं...'
तू ठाण्यात वाढलीस, तुला वाटत असेल
ती येतेच म्हणाली.
या वेळी फोन ठेवू नकोस लगेच.
थांब जरा. पुढं काय म्हणते ते ऐक,
आणि मला कळव.