बीम चढवायची रात्र

नवी पेठेतून नऊ हजारांत आणलेला लॅपटॉप,
बिजागरी तुटकी, म्हणून मागे विटेचा टेकू.
आधीच्या मालकाचं सगळं
स्रवंतीने जेवणाआधीच पुसून टाकलं.
सगळंच? मी विचारलं.
सगळंच, नाना. बीम रिकामा.

बीम तिला माहीत आहे.
सुट्टीत कांड्या भरायची माझ्या मागावर,
आता तो विषय काढलेला आवडत नाही.

रात्रीचे साडेदहा. विडी घरकुलात
पत्रा अजून दुपार सोडत नाही.
माझं काम एवढंच,
मोबाईल खिडकीच्या गजाला धरून उभं राहायचं.
तिथंच नेटवर्कच्या दोन कांड्या येतात.

पडदा काळा. त्यावर एक पांढरी रेघ
उघडझाप करत थांबलेली.
ना चित्र, ना बटण.
बिघडलाय का गं?
नाही. वाट बघतोय.

मग ती एकेक अवजार मागवू लागली,
कंपायलर, एडिटर, आणखी कायकाय.
कुठून येतंय हे?
आत्ताचं जर्मनीतून.
पैसे?
फुकट.
कोण देतं फुकट?
ज्यांनी बनवलं, ते.
मी गप्प झालो.
बावीस वर्षं जॉबरकी केली,
पुढच्या पाळीसाठी चांगला पाना
कधी ठेवून आलो नाही.

एका जागी यंत्र म्हणालं, परवानगी नाही.
तिने तीच ओळ पुन्हा लिहिली,
आधी एक छोटा शब्द लावून.
पासवर्ड टाइप केला, पडद्यावर ठिपकासुद्धा नाही.
दिसत नाही म्हणून होत नाही असं नसतं, नाना.
कारखान्याची किल्ली माझ्या कमरेला असायची,
तरी मेन स्विच पाडायला शेठला विचारायचो.
इथं पोरगीच कामगार, पोरगीच शेठ,
मध्ये एका शब्दाचं अंतर.

दाराशी राजमणी, मांडीवर सूप,
सातशेव्या विडीला दोरा गुंडाळत,
मान वर न करता : अय्यिंदा?
इंका लेदू, अम्मा.

साडेबाराला लाल ओळी सुरू झाल्या.
एकावर एक, पडदा भरून, थांबेचनात.
ती शेवटच्या ओळीला भिडली.
ती सुटेना, म्हणून तिच्या वरची.
रडू यायच्या आधी ती नाक चोळते,
बालवाडीपासून.

मला इंग्रजी वाचता येतं, कळत नाही.
पण कापडात फट पडली
की नवशिका फटीकडेच बघत बसतो.
मागं जावं लागतं, हात तेलाचे करून,
पहिला धागा तुटला तिथवर.
बाकीचे त्याच्या नादानं गेलेले असतात.

वर जा, म्हटलं.
काय?
अगदी वर. पहिली लाल ओळ.

ती वर गेली. बोट टेकवून वाचलं.
अच्छा, म्हणाली. एवढंच.
लायब्ररी आली होती.
तिची ओळख सांगणारी फाईल वेगळ्या पुडक्यात असते,
ते पुडकं मागवलंच नव्हतं.

मागवलं, तर डेटा संपला.

शेजारचा मल्लिनाथ रात्रपाळीहून आलेला,
बनियनवर, हातात भाकरी.
एक शिवी दिली आणि हॉटस्पॉट दिला.

सव्वाला ओळी पळाल्या, सगळ्या पांढऱ्या.
मग तिने स्वतःचा चार ओळींचा प्रोग्रॅम चालवला.
पडद्यावर चौकोन उमटले.
आठ-दहा चौकोन, शेजारी शेजारी.
हे काय?
मराठी आहे ती. नमस्कार लिहिलंय.
अक्षरं अजून बसवली नाहीत. उद्या.

राजमणी उठून आली, गुडघा धरत.
बराच वेळ बघितलं.
चादरीच्या काठाला बरं दिसेल, म्हणाली,
आणि पुन्हा सुपाशी जाऊन बसली.

मी हात खाली घेतला.
तळव्यावर गजाचा गंज.
कुणाला मोबाईल नको होता तासभर,
मी धरूनच उभा होतो.